आज सकाळी तोडलेले

बाईंनी कागदी पिशवी मळेवालीच्या फळीवर उपडी केली. टोमॅटो गडगडत कोबीच्या गड्ड्यांवर आदळले. एक खाली पडून फुटला. आत लाल असं काही नव्हतंच. पांढरट, कोरडा गर आणि घोटभर पाणी.

"हे तुमचे तुम्हाला," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी बोलले नसते. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मळेवाली कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधत होती. तिने दातांत धरलेला दोऱ्याचा तुकडा काढला. बाई शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हापासून बस धरून तिच्याकडे भाजीला यायच्या. भावाची घासाघीस कधी करायच्या नाहीत, पण पालकाची जुडी हातात घेतली की पालकसभेला आलेल्या एखाद्या आईकडे पाहावं तसं मळेवालीकडे पाहायच्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मळेवालीने ऐकला नव्हता.

"बाई, टोमॅटो माझ्याकडे आहेतच कुठे?" ती म्हणाली. "थंडी पडायच्या आत झाडं उपटली आम्ही. ते बघा मागे."

फळीच्या मागे मळा सुरू होत होता. मळा कसला, रस्ता आणि ओढा यांच्यामध्ये सापडलेली जमिनीची एक पट्टी. टोमॅटोला आधार दिलेल्या काठ्या पंपाच्या खोपटाला टेकवून बांधून ठेवल्या होत्या आणि टोमॅटोच्या जागी लसूण बोटभर वर आला होता. धुक्यात तिचा नवरा वाकून पालक कापत होता.

बाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी रिकामी पिशवी हाताने सरळ केली आणि तिच्यापुढे धरली.

पिशवीवर मळेवाली होती.

डोक्याला रुमाल, कडेवर टोपली, उन्हाने बारीक झालेले डोळे. मागे कुठलीतरी हिरवी टेकडी उगवली होती, जी या मुलखात कुणी पाहिली नव्हती. खाली ठसठशीत अक्षरं होती : 'आजीच्या मळ्यातले. आज सकाळी तोडलेले.'

"आजी?" मळेवाली म्हणाली.

तिला नातवंड नव्हतं. एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात नोकरी करत होती आणि लग्नाचा विषय काढला की फोनला रेंज नाही म्हणायची. मळेवालीने पिशवी डोळ्यांजवळ नेली. रुमालाखालून बाहेर आलेले केस पांढरेशुभ्र होते. तिचा हात आपोआप स्वतःच्या कानामागे गेला.

"तुम्ही त्या मोठ्या दुकानाला माल देता ते मला ठाऊक नव्हतं," बाई म्हणाल्या आणि गाजरसुद्धा न घेता बसथांब्याकडे वळल्या.

फोटो कधी काढला ते तिला आठवलं. उन्हाळ्यात, टोमॅटो भरात असताना, त्या नव्या मोठ्या दुकानाचा एक माणूस आला होता. पायांत पांढरे बूट होते, म्हणून बांधावरूनच बोलत होता. चांगला बोलत होता. काही दिवस त्याने रोज माल उचलला आणि एका दुपारी म्हणाला, "एक फोटो काढू? आठवण म्हणून." नवऱ्याने मान डोलावली. पुढे माल उचलणं बंद झालं. का, ते कुणी सांगितलं नाही. आणि यांनीही विचारलं नाही, कारण फळीवर टोमॅटो खपत होतेच. फळीचा नियमच तसा होता. मळ्यात जे, तेच फळीवर. उन्हाळ्यात काकडी आणि टोमॅटोने ती वाकायची. पावसाळ्यात तिच्यावर भेंडी, घेवडा आणि पानांचा चिखल असायचा. दोन हंगामांच्या फटीत असे काही दिवस यायचे की फळीवर कांदे आणि मळेवाली एवढंच असायचं. तरी ती बसायची. येणाऱ्याला सांगायची, "आज काही नाही हो, पुढच्या आठवड्यात मुळा येईल." आणि माणूस पुढच्या आठवड्यात यायचा. तिच्या धंद्याचं भांडवल म्हणाल तर तेवढंच होतं.

नवरा पालकाचा क्रेट घेऊन आला. त्याने फुटलेल्या टोमॅटोकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"केस कुणी पांढरे केले?" त्याने विचारलं.

"इतकी वर्षं तुम्ही करत होतात," ती म्हणाली. "त्यांनी एका दुपारी केले."

त्या आठवड्यात आणखी काहीजण येऊन बोलून गेले. बेकरीवाल्याची बायको हसत म्हणाली, "काय आजी, मोठ्या झालात!" एक गृहस्थ गाडी न थांबवता, नुसती हळू करून, काच खाली करून म्हणाले, "असं नाही करायचं." असं म्हणजे कसं, हे विचारायला ती फळीमागून बाहेर येईपर्यंत गाडी वळणाआड गेली होती. काहीजण काहीच बोलले नाहीत. ते नुसते आले नाहीत. त्यांचा पालक संध्याकाळपर्यंत फळीवर माना टाकून पडला आणि तिने तो ओढ्याकाठच्या गाईपुढे टाकला. गाय खात राहिली आणि ती कंबरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

"उद्या दुकानात जायचं," ती नवऱ्याला म्हणाली.

"काढतील ते आपणहून."

"कोण?"

सकाळी त्याने पिकअप काढली.

दुकानाच्या आत गेल्यावर आधी ऊब आली, मग गाणं, आणि मग समोर ती स्वतः. पिशवीवरचीच ती, पण पुरुषभर उंच, जाड पुठ्ठ्याच्या फळीतून कापून उभी केलेली, पायाशी टोमॅटोंचा ढीग. ढिगाच्या वर तांबूस दिवा सोडला होता. त्या उजेडात नवऱ्याचे हातसुद्धा पिकलेले दिसत होते.

मॅनेजर तरुण होता, गळ्यात टाय, आवाज मऊ. त्याने तिला लगेच ओळखलं आणि दोन्ही हात पसरले.

"काकू! या ना! तुम्ही तर आमच्या स्टार आहात."

"हा फोटो काढा."

"नाही आवडला? हसरा पण आहे एक. तो लावू?"

"हे टोमॅटो कुठले आहेत?"

"टोमॅटो," मॅनेजरने ढिगाकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच कुणी आणून ओतलेत, "टोमॅटो वरून येतात."

"वरून म्हणजे? आभाळातून?"

"म्हणजे आमचं केंद्र आहे, काकू. तिथून."

"मग केंद्राचा फोटो लावा. माझ्या मळ्यात आत्ता लसूण आहे. लोक येऊन माझ्या तोंडावर नासके टोमॅटो मारतायत."

"काकू, गैरसमज होतोय." त्याचा आवाज आणखी मऊ झाला. "आजी म्हणजे तुम्ही नाही. आजी ही एक भावना आहे."

"मग त्या भावनेला माझं नाक कशाला लावलंत?"

ढकलगाडी घेऊन चाललेली एक बाई हसली. मॅनेजरही हसला, पण एका बाजूने. मग त्याने नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"काकांनी परवानगी दिली होती."

मळेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. ढकलगाडीवाल्या बाईनेही पाहिलं. नवरा आपल्या चपलांना लागलेला चिखल दुकानाच्या फरशीवर कुठे कुठे उमटलाय ते पाहत होता.

"मी म्हटलं, काढा फोटो," तो हळूच म्हणाला. "लावा असं कुठे म्हटलं?"

"मी वर कळवतो," मॅनेजर म्हणाला.

परतताना गाडीत ती तेच मनात फिरवत होती. टोमॅटो वरून येत होते, तक्रार वर जात होती, आणि मधे कुठे माणूस म्हणून कुणी उभा नव्हता. वळणावर नवरा म्हणाला, "कळवेल तो." तिने खिडकीची काच खाली केली. थंड वारा आत आला. नवऱ्याने मफलर कानांवर ओढून घेतला, काच वर कर म्हणाला नाही.

फोटो निघाला नाही. रविवारी सकाळी तिने नवऱ्याला फळीवर बसवलं. त्याला विकता यायचं नाही, जो येईल त्याला तो मूठभर जास्त द्यायचा. ती बसने गेली आणि दुकान उघडल्या उघडल्या पुठ्ठ्याच्या आजीशेजारी जाऊन उभी राहिली.

टोमॅटोंना हात घालणारी पहिली बाई आली.

"ताई, थांबा," मळेवाली म्हणाली. "ही मी आहे. आणि हे टोमॅटो माझे नाहीत. आज सकाळी तोडलेले तर मुळीच नाहीत."

बाईने तिच्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"अय्या! खऱ्या आजी!" तिने मागे वळून नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडे या, खऱ्या आजी आल्यात!"

त्याने फोन काढला. मळेवालीच्या एका बाजूला ती स्वतः आणि दुसऱ्या बाजूला ही बाई, असा फोटो निघाला. मग दुसरं कुटुंब आलं. त्यांनी लहानग्याला तिच्या हातात दिलं. लहानग्याने आधी तिच्या गालाला हात लावला, मग पुठ्ठ्याच्या, आणि पुठ्ठा पसंत केला.

"अहो, ऐका जरा," ती म्हणत होती. "मी खोटं सांगत नाही. माझ्या मळ्यात टोमॅटो नाहीत. हे लोक माझ्या तोंडावर भलताच माल विकतायत!"

"किती साधं बोलतात ना," कुणीतरी म्हणालं.

ती चिडली. चिडली की तिचा आवाज चिरका व्हायचा आणि हात हलायला लागायचे. शेतात लांबून हाका मारून झालेली सवय. पण ती जितकी चिडत गेली तितकी लोकांना ती अस्सल वाटत गेली. एका म्हातारबुवांनी तर टाळ्या वाजवल्या. टोमॅटोंचा ढीग तिच्या डोळ्यांदेखत खचत होता आणि एक कामगार आतून क्रेट आणून तो पुन्हा उभा करत होता. मॅनेजरने कुठूनशी खुर्ची पाठवली. मग कागदी पेल्यात चहा. मग तो स्वतः आला.

"काकू, दर रविवारी याल का? तुमचं मानधन बघतो मी."

"मी भांडायला आलेय," ती म्हणाली.

"हो हो. असंच. फार छान होतंय."

चहा तिने खुर्चीवर ठेवला. भांडायला समोर माणूस लागतो, त्याने निदान उलट बोलावं लागतं. इथे सगळे हसत होते.

तेवढ्यात तिला बाई दिसल्या. दुकानाची लाल टोपली हातात, चष्मा नाकावर घसरलेला. टोपलीत पाव, साबण, आणि एक कागदी पिशवी. पिशवीवर ती.

बाईंनीही तिला पाहिलं. क्षणभर त्यांना परत फिरावंसं वाटलं असावं, त्यांचं एक पाऊल तसं पडलंही. मग त्या सरळ तिच्याकडे आल्या.

"घराजवळ पडतं," त्या म्हणाल्या. "गुडघे बसची पायरी चढू देत नाहीत आताशा."

"पण टोमॅटो, बाई? ते माझे नाहीत हे सांगितलं ना मी तुम्हाला?"

"तेव्हाही मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

बाईंनी टोपली खाली ठेवली. पोरांना उत्तर सांगताना ठेवत असतील तसे हात एकमेकांत गुंफले, पण आवाज वर्गातला नव्हता.

"इतकी वर्षं तुमच्याकडून नेतेय, तुमचा टोमॅटो कधी संपतो ते मला कळत नाही का? ते तुमचे नव्हते हे मला घरी चिरतानाच कळलं."

"मग माझ्या फळीवर का आपटलेत?"

"इथे कुणावर आपटू?" बाई म्हणाल्या. "आधी इथेच आले होते. तो मुलगा म्हणाला, वर कळवतो. मग त्या पैसे घ्यायच्या मशिनसमोर उभी राहिले, ते म्हणालं, धन्यवाद, पुन्हा या. घरात एकटं माणूस. राग आला तर भिंतीवर काढू? तुम्ही निदान ऐकून घेता."

मळेवालीला तो दिवस आठवला. तो फुटलेला टोमॅटो, तो पंतोजी आवाज, 'ही अपेक्षा नव्हती' म्हणून वळलेली पाठ. तिने त्या दिवशी रात्रीचं जेवण टाकलं होतं. आणि हे सगळं कशासाठी, तर ती ऐकून घेते म्हणून.

"बाई," ती म्हणाली, "माझंही कुणी ऐकून घेत नाही हो."

बाईंनी मान खाली घातली. मागून कुणीतरी विचारलं, "आजी, एक फोटो?"

मळेवाली वळली. तिने पुठ्ठ्याच्या आजीच्या कमरेत हात घातला आणि तिला जागेवरून उपटली. खालचा लाकडी ठोकळा टोमॅटोंत अडकला होता. तो सुटला तशी ढिगाची एक बाजू ढासळून फरशीवर गेली. ती आजीला काखोटीला मारून दाराकडे चालू लागली.

दाराशी वॉचमन होता, वयाने तिच्याएवढाच.

"ओ काकू, दुकानाची वस्तू आहे ती."

"तोंड कुणाचं आहे?"

वॉचमनने वाकून पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"तोंड तुमचंच आहे."

"मग मी माझं तोंड घेऊन चाललेय."

वॉचमनने मागे पाहिलं. मॅनेजर घरंगळत्या टोमॅटोंमधून वाट काढत येत होता. वॉचमनचा विचार पुरा व्हायच्या आत काचेचं दार, जे कुणालाच विचारत नसे, आपोआप उघडलं.

भर रस्त्यातून ती स्वतःला घेऊन निघाली. वारा होता. पुठ्ठा मधेच वारा धरायचा आणि तिला आडवं ओढायचा. केस कापणारा कात्री हातात घेऊन दुकानाबाहेर आला. त्याच्या मागोमाग अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक आलं. बसवाल्याने आधी नाही म्हटलं, मग म्हणाला, आजीचं पण तिकीट काढणार का? ती पायरीवर पुठ्ठा टेकवून उभी राहिली, तसं त्याने दार उघडं ठेवलं.

घरी नवऱ्याने पुठ्ठ्याची जाडी बोटांनी चाचपून पाहिली आणि तो कोबीच्या रोपांच्या वाफ्यावर पालथा घातला. पहाटेचं गोठलेलं दव खाऊन रोपं काळी पडत होती, त्यांना आडोसा झाला. दुकानातून कुणी आलं नाही. पिशव्याही हळूहळू दिसेनाशा झाल्या. फळीवरची गेलेली गिऱ्हाइकं काही परतली, काही नाही. बेकरीवाल्याच्या बायकोने आजीला रस्त्यावरून कसं नेलं ते सगळं ऐकून घेतलं आणि दोन जुड्या पात जास्त घेतली. मळेवालीला वाटलं, संपलं. जिंकलो असं काही वाटलं नाही, पण संपलं असं वाटलं.

मटार भरायला लागले तेव्हा एक दिवस बसमधून बाई उतरल्या. गुडघ्यावर हात ठेवत फळीपर्यंत आल्या. मळेवालीने क्रेट पालथा घालून दिला. बाई बसल्या. थोडा वेळ दोघींनी शेंगा सोलल्या. माफी कुणी मागितली नाही. मग बाईंनी पर्समधून घडी केलेली एक पिशवी काढली.

"टोमॅटो नाही आणले," त्या म्हणाल्या. "नुसती पिशवी आणलीय. तुम्हाला दाखवायला."

टेकडी तीच होती. 'आज सकाळी तोडलेले' तेच होतं. केस तसेच पांढरेशुभ्र. पण चेहरा दुसऱ्या एका बाईचा होता. उभट, गालफडं वर आलेली, डोळे उन्हाने मिटायला आलेले.

मळेवालीला आधी राग आला नाही. आधी काय वाटलं ते तिने कधी कुणाला सांगितलं नसतं. इतक्यात दुसरी मिळाली? तेवढंच मनात आलं. मग मागाहून राग आला, आणि तो आला तेव्हा त्या एका क्षणाचीही भर त्यात पडली.

"ही कोण?" तिने पिशवी नवऱ्यासमोर धरली.

नवऱ्याने पिशवी लांब धरून पाहिली, जवळ आणून पाहिली. "ओढ्यापलीकडची गाजरवाली वाटतेय," तो म्हणाला. "बाजारात कोपऱ्यात बसते बघ, खाली मान घालून. केस काळे आहेत तिचे."

"माझेही होते."

"आत्ता जायचंय?" त्याने विचारलं, पण किल्ली त्याच्या हातात आधीच आली होती.

"जा तुम्ही," बाई म्हणाल्या आणि क्रेट फळीमागे ओढून घेतला. "मी बसते इथे. मोजायला मला येतं."

पुलाची वाट लांबून होती, म्हणून वाटेत वेळ मिळाला. मळेवालीने तेवढ्यात मनात बरंच जुळवलं. त्या बाईला आधी काय सांगायचं, मग काय. तुमचा वापर करतायत. भोळेपणाने हो म्हणू नका. मॅनेजरच्या मऊ बोलण्यावर जाऊ नका. उद्या लोक तुमच्या अंगावर येतील. दोन वाक्यं तिने अशी घोटली होती की तिचे ओठ हलत होते, आणि नवरा रस्त्याकडे पाहत तोंडातल्या तोंडात हसू दाबत होता.

गाजरवालीचा मळा उताराचा होता. खालच्या बाजूला पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या कडेला ती बुटक्या पाटावर बसून गाजरं घासत होती. रुमालाखालचे केस काळेभोर. पायांचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं. हातातला ब्रश तसाच राहिला.

"तुम्ही..." ती म्हणाली.

"मी खालच्या रस्त्यावरची मळेवाली."

"तुम्ही तर गेलात ना?"

"कुठे?"

"म्हणजे..." गाजरवालीने ओल्या हाताने कपाळ पुसलं, तिथे चिखलाची रेघ उठली. "मी विचारलं होतं त्या टायवाल्याला. म्हटलं, आधीच्या बाईंचा फोटो का काढलात? तो म्हणाला, त्या आजी गेल्या."

मागे नवऱ्याला ठसका लागला.

"मला फार वाईट वाटलं हो," गाजरवाली सांगत राहिली. "बाजारात लांबून पाहिलेलं मी तुम्हाला. म्हटलं, केस पिकले होते फोटोत, पण चेहरा काही जाण्यासारखा नव्हता. घरी येऊन थोडा वेळ नुसती बसून राहिले."

"गेलेच होते मी," मळेवाली म्हणाली. "पण चालत. फोटो काखेत मारून."

गाजरवाली हसली नाही. ती तिच्या पायांकडे पाहत होती, जसं काही ते जमिनीला टेकलेत की नाही हे तिला पक्कं करून घ्यायचं होतं.

"मग ते टोमॅटो?" तिने विचारलं.

"कुठले?"

"दुकानातले. मला वाटलं तुमच्या मळ्यातले असतील. तुम्ही गेल्यावर घरचे लोक पिकवत असतील. बाई गेली आणि माल पडून राहिला तर बरं दिसत नाही. म्हणून मी फोटोला हो म्हटलं." तिने आवाज खाली आणला. "नाहीतर मला कसला आलाय फोटो. माझी नुसती गाजरं आहेत."

टाकीत पाइपातून पाणी पडत होतं. मळेवालीने वाटेत जुळवून आणलेलं एकही वाक्य तिच्या तोंडात उरलं नव्हतं. भोळेपणाबद्दल जे बोलायचं होतं ते तर नव्हतंच नव्हतं. तिने हातातली पिशवी पुढे केली.

"माझे नाहीत ते," ती म्हणाली. "आमच्याकडे मटार आहेत."

गाजरवालीने हात कोरडे केल्याशिवायच पिशवी घेतली. स्वतःच्या चेहऱ्यावर तिचा ओला अंगठा उमटला. ती तो चेहरा पाहत होती, मग टेकडी, मग पुन्हा चेहरा. तिच्या गालफडांवर हळूहळू रंग चढत गेला.

"माझे केस?" ती म्हणाली.

"सगळ्यांचे करतात."

गाजरवाली गुडघ्यावर हात देऊन उठली. उभी राहिल्यावर ती मळेवालीपेक्षा चांगली हातभर उंच निघाली. बाजारात सदा बसलेली, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

"दुकान आत्ता उघडं असेल?"

"असेल," हे नवरा म्हणाला.

"थांबा मग," गाजरवाली म्हणाली. "पायांत काहीतरी घालून येते."

नवरा गाडीकडे गेला. पुढच्या सीटवर रिकामी पोती पडली होती, ती त्याने उचलून मागे टाकली आणि मधली जागा हाताने झटकून काढली.